वाळवलेला स्लॅब

त्या पंधरवड्यात चांगदेव नानांना एका जागी बसवेना. चहाचा कप हातात घेऊन ते नव्या घरात जात, टेकूंच्या गर्दीतून मान वाकडी करून वर बघत आणि चहा गार करून परत येत. बायको साळुबाई म्हणायची, "आवं, घर काय पळून चाललंय का?" त्यावर नाना गप्प. गप्प बसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. डिंगोऱ्यात कुणाच्या बैलाला काय चारावं इथपासून कुणाची पोरगी कुठं द्यावी इथपर्यंत त्यांचा सल्ला न मागता मिळायचा.

झालं होतं असं. मुलगा भरत चाकणला कंपनीत कामाला, गावी यायचा तो रविवारी. स्लॅब टाकला त्या संध्याकाळी त्यानं बापाला एकच काम सांगितलं होतं. "नाना, मिस्त्रीनं वर वाफे केल्यात. चौदा दिवस त्यात पाणी तुंबवून ठेवा. बास." सोपान मिस्त्रीनं स्लॅबवर बारीक वरंबे घालून शेतातल्यासारखे वाफे पाडले होते आणि तो येडगावला दुसऱ्या कामावर निघून गेला होता.

तीन दिवस नानांनी इमानदारीनं पाणी भरलं. चौथ्या दिवशी खालून बघतात तर सेंटरिंगच्या फळ्यांच्या फटींतून थेंब गळतायत. चाळीस वर्षं या माणसानं कांदा पिकवलेला. ओला कांदा साठवणीच्या बराखीत भरला की सडलाच, आणि शेतात पातीखाली सुकवून भरला तर पाच-सहा महिने टिकला, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मग सिमेंटचं तरी वेगळं काय असणार? नानांनी खोरं घेतलं, वाफे फोडले, पाणी सोडून दिलं आणि स्लॅब चैत्राच्या उन्हात वाळत घातला. वर साळुबाईलाही ऐकवलं, "पोरांना पुस्तकातलं कळतं गं. वस्तू टिकवायची कशी, ते न्हाई कळत."

आठव्या दिवशी वर चढून बघितलं तर स्लॅबवर केसासारख्या भेगा. त्यातली सगळ्यात लांब भेग मधल्या खोलीवर. ती खोली भरत आणि त्याची बायको अक्षदा यांची. त्यांच्या सहा महिन्यांच्या समृद्धीचा पाळणा तिथंच टांगायचा, म्हणून नानांनी स्वतः उभं राहून कडी बसवून घेतली होती.

मग नाना लोकांना विचारत सुटले, पण स्वतःच्या नावानं विचारतील तर ते नाना कसले! ओतूरच्या सिमेंटच्या दुकानात म्हणाले, "एक पावणं इचारत व्हतं. सिमेंट वाळलं की घट्ट व्हतं ना?"

"वाळून न्हाई नाना, पाण्यानं घट्ट व्हतं," दुकानदार म्हणाला. "सिमेंट पाणी पिऊन जोर धरतं. पाणी तुटलं की जोर तिथंच अडला."

"आन पावण्यानं चौथ्याच दिशी पाणी तोडलं आसंल तर?"

"मंग पावण्याला म्हणावं, त्या घरात झोपू नगा," असं म्हणून दुकानदार मोठ्यानं हसला. नानांना काही हसू आलं नाही.

बेल्ह्याच्या बाजारात रस्त्याच्या कामावरचा एक मुकादम भेटला. बारीक भेगांनी स्लॅब लगेच पडतो असं नाही, पण टेकू काढायच्या आधी इंजिनिअरला दाखवा, असं तो म्हणाला. आता पाणी घातलं तर चालेल का, असं नानांनी विचारलं. थोडंफार भरून येतं, सगळं नाही, असं उत्तर मिळालं. त्याच बाजारात नानांच्या पिशवीत नव्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिका होत्या, तारीख घालून छापलेल्या. विचारून झालं की एक पत्रिका काढायची आणि कुणाच्या तरी हातात ठेवायची, असा त्यांचा दिवस गेला. खरं सांगावं तर तारीख मोडणार आणि नानांना काही कळत नाही हे साऱ्या गावाला कळणार. न सांगावं तर ती खोली, तो पाळणा. या दोन्हींच्या मधे त्यांचा नुसता भुगा होत होता. आणि एवढं असूनही रविवारी भरत यायच्या तासभर आधी त्यांनी वाफे लिंपून वर पाणी भरून ठेवलं. त्याची त्यांना अजून लाज वाटत होती.

एकविसाव्या दिवशी सोपान मिस्त्री टेकू काढायला दोन गडी घेऊन आला. भरतनं सुट्टी टाकली होती. सोपाननं हातोडा उचलला आणि रीत म्हणून विचारलं, "चौदा दिस पाणी व्हतं ना, नाना?"

नानांच्या आधी भरतच बोलला. "व्हतं म्हंजे? नानांनी अंगावर घेतलंय. त्यात बघायचं न्हाई काही."

शिवी दिली असती तर नानांनी सोसली असती. हे काही सोसवेना. त्यांनी पुढं होऊन टेकूला मिठी मारली. "हात लावू नगंस, सोपान. पाणी नव्हतं. चौथ्या दिशी मी तोडलं."

"रविवारी तर मी बघितलं की!" भरत म्हणाला.

"तू यायच्या आधी भरलं व्हतं."

भरत विटांच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, "नाना, कळत नव्हतं तर फोन का न्हाई केला?"

"फोन केला आसता तर तुला कळलं आसतं, मला येत न्हाई."

सोपान वर जाऊन हातोडीनं जागोजागी ठोकून आला. दोन-तीन ठिकाणचा आवाज त्याला पटला नव्हता. टेकू राहू द्या, आजपासून पुन्हा पाणी तुंबवा, इंजिनिअर बघेल मग काय ते ठरवू, असं त्यानं सांगितलं. वास्तुशांत मात्र पुढं ढकलावीच लागणार होती.

भरतनं फोन काढला. बापाकडे न बघताच म्हणाला, "मिस्त्री आजारी पडला म्हणून सांगतो सगळ्यांना."

"म्हणा की, माझं काय जातंय," सोपान म्हणाला.

नानांनी पोराच्या हातातून फोन घेतला. पहिला फोन व्याह्यांना लावला, आंबेगावच्या रामनाथांना. तेही पिढीजात कांदेवाले, आणि नानांइतकेच शहाणे. "पावणं, तारीख पुढं गेली. न्हाई, कुणी आजारी न्हाई. चूक माझी. कांद्यावानी वाळंल म्हणून मी स्लॅबचं पाणी तोडलं, आन आता भेगा पडल्यात."

नानांना वाटलं, झालं, आता सुनेच्या बापाकडून ऐकून घ्यावं लागणार.

"चांगदेवराव," रामनाथ हलक्या आवाजात म्हणाले, "फोन ठिवतो जरा. आमच्या गोठ्याचा स्लॅब परवाच टाकलाय. आज सकाळीच सगळं पाणी काढून दिलं मी."