भिंतीवरची आई

एर्सिलिया बोनफान्तेला मेलेली दाखवायचं काम माझं. ओठांवर निळा रंग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यावर दातांच्या खुणा. रोममध्ये तेव्हा भुतांच्या सिनेमांना नुसता ऊत आला होता आणि त्या सिनेमांची राणी ती. पडद्यावर तिचं नाव इंग्रजी असायचं, कारण आपल्याकडच्या भुताला कोण घाबरणार, असं निर्माता ताल्याफेर्रीचं मत. आवाजही दुसऱ्या बाईचा. एर्सिलियाने तोंड उघडलं की तिच्या गावचा, कोमाक्कियोचा, मासळीबाजार बोलायचा.

रस्त्यात तिला पाहून बायका पोरांना मागे ओढायच्या. पुरुष अपशकुन टळावा म्हणून खिशातल्या खिशात बोटांची शिंगं करायचे.

"नीव्हेस, एकदा तरी जिवंत बाईचं काम मिळू दे गं," ती आरशातून मला म्हणायची. "पोरांवर खेकसणारी एखादी आई."

ताल्याफेर्री हसायचा. "तू सूप वाढलंस तर लोक म्हणतील, विष घातलंय!"

एके दिवशी एर्सिलियाला भावाचा फोन आला. आई गेली होती. मी तिच्याबरोबर कोमाक्कियोला गेले.

शवपेटीपाशी मावशी आडवी आली. "हात लावू नकोस. पेटीत झोपायचं नाटक करून पोट भरतेस तू. तूच ओढवून आणलंस हे."

"मावशी, तिचीही आई आहे ती," भाऊ ओरेस्ते म्हणाला. "सरक बाजूला."

एर्सिलिया गुडघ्यांवर बसली आणि आईच्या हातावर गाल टेकून रडली. तेवढ्यात दारातून उजेड चमकला. ओरेस्ते धावला, पण फोटोवाला मोटारीत बसून पसार झाला होता.

महिन्याभरात तोच फोटो तिच्या नव्या सिनेमाचं पोस्टर होऊन रोमच्या भिंतीभिंतीवर लागला. खाली लाल अक्षरं: या वेळी तिचे अश्रू खरे आहेत.

ती तडक ताल्याफेर्रीच्या कचेरीत गेली. तो म्हणाला, "चिडतेस कशाला, राणी? तुझ्या म्हातारीला कोण ओळखतंय इथे?"

पहिल्या खेळाला ती आली. सिनेमा संपून दिवे लागले, तशी ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाहेर भिंतीवर आहे ती माझी आई," ती म्हणाली. "आर्जिया तिचं नाव. जन्मभर वाम मासे भाजले तिनं. काढा तो कागद."

तिच्या बोलण्याच्या ढंगावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पुढच्याच क्षणी अख्खं थिएटर टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्यांना वाटलं, ही जाहिरातच आहे. ताल्याफेर्रीने वर येऊन तिचा हात उंचावला. तिने तो हिसकावला, तर टाळ्या आणखी वाढल्या.

बाहेर येऊन ती नखांनी पोस्टर खरवडायला लागली. मीही लागले. एक पोरगी फाटका तुकडा पुढे करून म्हणाली, "बाई, यावर सही द्या ना."

एर्सिलियाने तो तुकडा घेतला, घडी करून छातीशी ठेवला, आणि सही न देताच चालू लागली.

त्यानंतर तिने सिनेमात काम केलं नाही. सिनेमा हिवाळाभर तुडुंब चालला. ती कोमाक्कियोला भावाकडे राहिली, वाम भाजायच्या भट्टीवर कामाला लागली. मावशी शेवटपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

काही वर्षांनी मी तिला भेटले. विस्तवापुढे घामाने भिजली होती. हात पुसत तिने आधी एकच विचारलं, "अजून कुठे लागलंय का ते पोस्टर?"

त्याच आठवड्यात मी ते नेपल्समध्ये पाहिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."