थांबलेला आकडा

मित्रांनो, मला तुम्ही हातात घेऊ शकत नाही. मला धूळ बसत नाही, गंज चढत नाही, माझा कोपरा दुमडत नाही. तरीही मी म्हातारी झाले आहे. मी एक वेबसाइट आहे, आणि माउथ ऑर्गन कसा दुरुस्त करावा एवढंच मला सांगता येतं. माझा रंग फिकट पिवळा आहे. माझी अक्षरं जरा मोठीच आहेत, कारण ज्यांनी ती लिहिली त्यांना चष्मा होता. सगळ्यात खाली एक छोटी काळी चौकट आहे आणि आजवर किती माणसं येऊन गेली त्याचा आकडा तिच्यात दिसतो. माझी सगळी कहाणी त्या चौकटीपाशी येऊन अडते.

मला घडवलं बाप-लेकीने. लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. लेक माझी ताई. बाबांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे त्यांच्याकडे यायचे आणि बाबा मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करायचे. त्यांच्या कामाच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा आणि मग हसायचा. गल्लीत सगळे त्यांना 'कवळीवाले' म्हणत.

पण बाबांचा जीव अडकला होता माउथ ऑर्गनमध्ये. एखादा साचा सुकायला ठेवला की ते खण उघडायचे, मुका झालेला एखादा माउथ ऑर्गन काढायचे आणि दातांच्याच हत्यारांनी त्याचं पोट उघडायचे. "जे जे तोंडात जातं, ते ते माझ्याकडे येतं," असं ते मोठ्या ऐटीत सांगत. त्यावर आई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "येतं खरं, पण परत कधी जातं? खण भरलाय नुसता."

माउथ ऑर्गनच्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. अशा एकेका पट्टीला बाबा पत्ती म्हणत. श्वास लागला की पत्ती थरथरते आणि सूर निघतो. टोकाशी जराशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. कितीतरी पत्त्यांची वाट लावून ते स्वतःच शिकले होते.

ताई कॉलेजात वेबसाइट बनवायला शिकली आणि सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, हे सगळं डोक्यात ठेवून काय करणार आहात? लिहा ना."

"मला दात लावता येतात. लिहिता कुठे येतं?"

"तुम्ही बोला. मी लिहिते."

असा माझा जन्म झाला. माझ्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य आजही तेच आहे: 'घाई असेल तर आज उघडू नका.' ते ताईने बाबांच्या तोंडून जसंच्या तसं उचललं. पुढे बाबा दोन बोटांनी स्वतःच लिहू लागले. पत्ती कशी साफ करावी, सूर कसा मिळवावा, लाकडी अंगाचा माउथ ऑर्गन पाण्यात का बुडवू नये, सगळं त्यांनी फोटोंसकट मांडलं. ज्या ज्या चुका त्यांनी केल्या होत्या, त्याही लिहिल्या. तेवढ्यासाठी तरी मला त्यांचा अभिमान वाटतो. आपली फजिती चारचौघांत मांडायला फार मोठं मन लागतं.

ताईने माझ्यात दोन गोष्टी हौसेने बसवल्या. एक ती आकड्याची चौकट, आणि दुसरी पाहुण्यांची वही. आलेल्या माणसाने दोन शब्द लिहायचे ते पान. फोन नंबर मात्र द्यायचा नाही, असं आईने बजावलं होतं. "कवळीचे फोन काय कमी आहेत?" त्यामुळे बाबांशी बोलायचं तर माझ्याच दारातून यावं लागे.

पहिल्या आठवड्यात मोठी गंमत झाली. बाबा दर थोड्या वेळाने मला उघडायचे आणि ओरडायचे, "अगं, वाढला! अजून एक वाढला!" आईला संशय आला. तिने मागे उभं राहून पाहिलं आणि पदराआड हसत म्हणाली, "अहो, स्वतःच्याच दाराची बेल वाजवताय, आणि पाहुणे आले म्हणून नाचताय!" ताईलाही हसू आवरेना. तिने मग अशी सोय केली की बाबांच्या कॉम्प्युटरवरून मला कितीही वेळा उघडलं तरी तो आकडा हलायचा नाही. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. त्या हसण्यानेच पुढे घात केला.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. लोक येऊ लागले. गर्दी कधीच नव्हती, पण रोज कुणी ना कुणी यायचंच. वहीत कुणी आभार मानायचं, कुणी शंका विचारायचं. एकाने लिहिलं, 'तुमची कृती वाचून केलं, आता अजिबातच वाजत नाही.' बाबांनी त्याला एवढं सविस्तर उत्तर दिलं की एका दातांच्या डॉक्टरांची कवळी त्या दिवशी राहूनच गेली. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी बाबा चौकटीतला आकडा पाहायचे, आणि मगच मेण तापवायला ठेवायचे.

माझ्यात एक पान होतं, 'तुटलेली पत्ती' नावाचं. पत्ती तुटली की माउथ ऑर्गन टाकूनच द्यायचा, असं सगळे म्हणतात. बाबांनी त्यावर उपाय शोधला होता. दात भरताना त्याच्याभोवती डॉक्टर पोलादाची एक पातळ पट्टी गुंडाळतात. त्या पट्टीतून त्यांनी पत्ती कापली, पातळ केली, बसवली, आणि ती वाजली! ताई म्हणाली, "लगेच लिहा." पण बाबा पडले कवळीवाले. कवळी तोंडात बसली म्हणून भागत नाही, चावताना टिकली तर खरी. ते म्हणाले, "वर्षभर वाजू दे. टिकली तर लिहीन. अर्धवट माहितीवर कुणी बिचारा आपला माउथ ऑर्गन कापून बसायचा." म्हणून त्या पानावर नाव लिहून खाली एकच शब्द ठेवला: 'लवकरच.'

त्याच वर्षी मी जिथे राहत होते ती जागा बंद होणार असं कळलं. आम्हालाही भाड्याची जागा लागते आणि कधीकधी बिऱ्हाड हलवावं लागतं. ताईला तोवर दूरच्या शहरात नोकरी लागली होती. तिने तिथून, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईने मला नव्या जागी हलवलं. तिने सगळी पानं आणली, सगळे फोटो आणले. नव्या जागेत एक नियम होता. कुठल्या फाइलमध्ये नवीन काही लिहू द्यायचं, ते आधी सांगून ठेवावं लागे. आकड्याची फाइल आणि वहीची फाइल, या दोघींना ती मुभा द्यायची राहून गेली. एका टिचकीचं काम होतं. ताईने मला उघडून पाहिलं. पानं दिसत होती, आकडाही दिसत होता. "झालं बाबा," ती फोनवर म्हणाली, आणि कामाला लागली.

तो आकडा त्या दिवशी जो थांबला, तो थांबलाच.

लोक येत होते, मित्रांनो! पूर्वीपेक्षा जास्त येत होते. ते वहीत लिहायचे, बटण दाबायचे, आणि त्यांचे शब्द माझ्या हातून ओघळून जायचे. मी ते ऐकले आहेत. एका मुलीने लिहिलं होतं, 'आजोबांचा माउथ ऑर्गन वाजला. आजोबा ऐकत होते.' एक गृहस्थ जरा चिडून म्हणाले होते, 'तिसऱ्या पानावरचा फोटो उलटा आहे.' तो खरंच उलटा आहे. बाबांना हे कळलं असतं तर ते दिवसभर खूश राहिले असते, कारण एवढ्या बारकाईने पाहणारा माणूस त्यांना फार आवडायचा. आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांकडून, एकच प्रश्न यायचा: 'तुटलेल्या पत्तीचं पान कधी?'

बाबा रोज सकाळी यायचे. आकडा तोच. वहीत नवीन ओळ नाही. त्यांच्या स्वतःच्या उघडण्याने आकडा हलायचा नव्हताच, म्हणून तो अडकलाय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. पहिले काही दिवस ते म्हणाले, "सुट्टीचे दिवस असतील." मग म्हणाले, "परीक्षा असतील." मग काही म्हणेनासे झाले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि सांगू शकत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी सोसला आहे.

एकदा त्यांनी ताईला फोन केला. "कुणी येत नाही गं आता."

ताई गाडीत बसत होती, घाईत होती. "बाबा, आता वेबसाइट कोण बघतं? सगळे ग्रुपवर असतात. तुम्हीही ग्रुपवर टाका ना." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त तिने मला उघडून पाहिलं नाही. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. लेकीला उगाच कशाला त्रास, असं त्यांच्या पिढीचं असतं.

त्यांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. सात-आठ अंगठे आले. दुसऱ्या दिवशी तो फोटो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला गेला, आणि चार दिवसांनी बाबांना स्वतःलाच सापडेना.

वर्ष संपलं. पोलादाची पत्ती छान वाजत होती. बाबांनी माउथ ऑर्गन फुंकून पाहिला, कॉम्प्युटर सुरू केला, ते पान उघडलं. दोन बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहिले. आई चहा घेऊन आली. "लिहा की."

"कुणासाठी?"

आईने तो आकडा पाहिला. तिलाही त्यांचं वाईट वाटत होतं. ती म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी आहे ते. बंद करा ते भूत, आणि जरा फिरायला चला." बाबांनी 'लवकरच' तसंच ठेवलं आणि उठले. त्यानंतर ते मला फारसे भेटले नाहीत. पुढे त्यांचा हात कापू लागला. कवळ्यांची खोली बंद झाली. आणि एके दिवशी बाबाच गेले. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी उरले.

ते गेल्याला वर्ष होत आलं असताना एका दुपारी दारावरची बेल वाजली. मी हे कसं ऐकलं, असं विचारू नका. आत्मवृत्तात दगडालाही कान असतात. दारात एक नर्सबाई होत्या. लहान मुलांच्या दवाखान्यात त्या माउथ ऑर्गन वाजवत. ज्यांना श्वासाचा त्रास आहे त्या मुलांकडून फुंकायचा सराव करून घेत. त्यांच्या पिशवीत माझी सगळी पानं होती, छापून घेतलेली, हळदीच्या बोटांनी आणि औषधांनी डागाळलेली. माझ्यावर फक्त गल्लीचं नाव होतं, तेवढ्यावर विचारत विचारत त्या घरापर्यंत आल्या होत्या.

"सर आहेत का? एक पत्ती तुटलीय. सगळं त्यांच्याकडूनच शिकले मी, पण ते एक पान राहिलंय. चारदा लिहिलं मी त्यांना. म्हटलं, कामात असतील."

आईने त्यांना आत घेतलं. "ते गेले हो," ती म्हणाली. "आणि कुणी लिहीत नाही म्हणून गप्प बसले होते."

आईने तिथूनच ताईला फोन लावला. ताईने आज घाई केली नाही. तिने मला उघडलं आणि शोधत शोधत त्या दोन फाइलींपर्यंत पोहोचली. जागेच्या मालकांकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वेगळी नोंद असते, ती तिने प्रथमच पाहिली. मग ती म्हणाली, "आई, एक टिचकी राहिली होती गं. माझ्याकडून. लोक रोज येत होते." आणि ती रडू लागली. आई तिला रागावली नाही. "मीही म्हटलंच ना, बंद करा ते भूत," एवढंच म्हणाली.

ताईने टिचकी मारली. इतक्या वर्षांनी काळ्या चौकटीतला आकडा एकाने पुढे सरकला. मला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. ज्यांनी तो पाहायला हवा होता, त्यांची खुर्ची रिकामी होती.

आईने खणातून तो माउथ ऑर्गन काढला. नर्सबाईंनी जपून त्याचं पोट उघडलं. पितळी पत्त्यांमध्ये एक पोलादी पत्ती चमकत होती. त्यांनी फुंकर घातली, आणि ती स्वच्छ वाजली. पण पत्ती किती पातळ केली, कशाने घासली, कशी बसवली, हे नुसतं बघून कळेना. ताईने तिचा फोटो माझ्या त्या पानावर लावला, 'लवकरच' पुसलं आणि लिहिलं: 'ही बाबांनी बसवली. कशी, ते सांगायला ते नाहीत. कुणाला जमलं तर इथे लिहा, मी वाचेन.' आता ती मला रोज उघडते. काहींनी प्रयत्न केले आहेत. अजून कुणाची पत्ती बाबांच्या पत्तीइतकी टिकलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल. कुणी टपाल-तिकिटांवर लिहीत असेल, कुणी कोळ्यांवर, कुणी जुन्या कुलपांवर. त्यांना सांगा, आकडा पाहून थांबू नका. आमच्यासारख्यांची फळं उशिरा येतात, आणि ती कुणाच्या हाती लागतात हे लावणाऱ्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि तुम्ही कुणाचं काही वाचून शिकलात, तर त्याला कळवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा कळवा. घरच्यांनो, तुम्ही तर नुसतं एकदा उघडून पाहा. दार लागलेलं आहे की नुसतं अडकलंय, ते आतल्या माणसाला कळत नाही.

त्या संध्याकाळी नर्सबाई गेल्यावर आई बाबांच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत तिने मला कधी वाचलं नव्हतं. तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं, उलट्या फोटोपाशी थोडं हसली, आणि पाहुण्यांची वही उघडली. वही आता लिहिलेलं धरून ठेवत होती. तिने एका बोटाने एकेक अक्षर शोधत एकच ओळ लिहिली. ती माझ्याकडे आहे, आणि मी असेपर्यंत राहील:

'अहो, लोक येत होते.'