चौदा तारखेचं सिझर

डॉक्टर उमामॅडमनी चौदा तारीख सांगितली आणि रुचिता चमकली. घरच्या पंचांगात त्याच तारखेभोवती पेनाने गोल काढलेला तिने पाहिला होता. शेजारी सासूबाईंच्या अक्षरात वेळही होती, सकाळी दहा वीस.

"बाळाभोवतीचं पाणी कमी होतंय," मॅडम म्हणाल्या. "सिझर करून घेऊ."

सासूबाईंना, गौराबाईंना, जराही धक्का बसलेला दिसला नाही. उलट रिक्षात त्या गुणगुणत होत्या. रुचिताला आता आठवलं, मागच्या महिन्यात त्या एकट्याच खोपोलीला याच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या.

रात्री तिने नवऱ्याला विचारलं, "अवो, आई तवा दवाखान्यात कशाला गेल्या होत्या?"

"गुडघे दाखवायला," हर्षद म्हणाला.

"बायकांच्या डॉक्टरला?"

हर्षदने नजर चुकवली. "तू लय इचार करतेस गं. सिझरमधी कळांचा तरास नाय."

तिला झोप लागली नाही. सकाळी हर्षद साजगावला कंपनीत गेल्यावर तिने फाईल उचलली आणि गावची आशा कार्यकर्ती मैना हिचं दार गाठलं. मैनाने सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. "काय इचारायचं ते लिवून ने. डॉक्टरसमोर गेलं की डोकं रिकामं होतं."

रुचिताने लिहिलं. पाणी किती आहे? थांबलं तर काय होईल? आधी कळा आणून बघता येतील का? चौथा प्रश्न मैनाला न दाखवता लिहिला. तारीख कुणी ठरवली?

दवाखान्यात मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "तुझ्या सासूबाई आल्या होत्या. चौदाच हवी म्हणत होत्या. तेव्हा पाणी चांगलं होतं, मी नाही म्हटलं."

"मग चौदाच कशी आली?"

"आता पाणी सात सेंटिमीटरवर आलंय. पाचच्या खाली गेलं तर थांबता येत नाही. या आठवड्यात बाळंतपण करायचंच होतं. चौदाला मी मोकळी होते. वाटलं, घरात सगळ्यांचं ठरलंय."

"मला कुणी इचारलंच नाय."

रुचिताचा अजून विश्वास बसत नव्हता. सातचा आकडा तरी खरा कशावरून? मैनाला घेऊन ती तशीच कर्जतच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. पाणी सातच होतं. "पण थेट सिझर कशाला?" ते म्हणाले. "औषधाने कळा आणता येतील. बाळाच्या ठोक्यांवर मात्र नीट लक्ष ठेवायला हवं."

म्हणजे मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. अर्धंच बोलल्या होत्या.

घरी आल्यावर तिने गौराबाईंना सरळच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"माजी पयली पोर अवसेला झाली," त्या हळूच म्हणाल्या. "आठ दिस बी जगली नाय. तुज्या लेकराला चांगला दिस मिळावा, येवढंच."

रुचिताचा राग तिथेच अडखळला. "मग मला सांगायचं होतं, आई. पोट माजं हाय."

आधी कळा आणून बघायचं मॅडमशी बोलून ठरवलं आणि बाराला सकाळी ती खोपोलीला दाखल झाली. कळांचं औषध सुरू झालं. दर कळेला ती सिस्टरला विचारायची, आता काय केलं, का केलं. दुपारी चारच्या सुमाराला मशीनवरचे ठोके मंदावले. ते तिच्या कानांनाही कळलं. मॅडम स्वतः कॉटपाशी आल्या, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी दाखवली. "बघ, कळ गेली तरी ठोके वर येत नाहीयेत. आता सिझर."

रुचिताने पट्टी पाहिली, मग मॅडमचा चेहरा. या वेळी त्यात लपवलेलं काही सापडेना. "करा," ती म्हणाली आणि सही केली. मुलगी झाली, मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सुई घेऊन आली. रुचिताने टाके सांभाळत पोरीला कुशीत ओढलं.

"कसली सुई हाय, सिस्टर?"

"टीबी होऊ नये म्हणून. डाव्या दंडावर देतात. बारीक फोड येईल, चोळायचं नाही."

"किती दिसांनी येईल फोड?" गौराबाईंनी पुढे वाकून विचारलं.

सिस्टरने सांगितलं. मगच रुचिताने दुपटं बाजूला केलं.