मास्तरांचा पाय

मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. ते काम सुटून कैक वर्षं झाली, तरी मुलाच्या शेजारी बसलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खालची रबरी चटई दाबत राही.

"बाबा, तिथे काही नाही," मुलगा हसायचा.

आज तो हसत नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यातून परतताना एक छोटी निळी गाडी वळणावर त्यांना आडवी आली होती. गाडीत एकटी बाई. तिने हात वर करून माफीही मागितली.

"हात दाखवते मला! थांब, हिची मस्तीच उतरवतो."

"अरे, जाऊ दे ना. चुकलं तिचं."

"तुम्ही गप्प बसा हो. जाऊ दे, जाऊ दे करण्यातच तुमचा जन्म गेला."

मास्तर गप्प बसले. सून सुजलेला गाल घेऊन माहेरी निघाली, तेव्हाही ते असेच मूग गिळून बसले होते.

मुलाने गाडी तिच्या मागे चिकटवली. हॉर्न, दिवे, पुन्हा हॉर्न. मग बाजूने येऊन तिला दाबू लागला. चटई दाबून दाबून मास्तरांच्या पायात गोळा आला. बाई मात्र मान वळवत नव्हती, वेगही वाढवत नव्हती. एका गल्लीशी तिने वळायचा दिवा लावला, लगेच विझवला आणि सरळ निघाली. तिथेच तिचं घर असणार, मास्तरांनी ओळखलं. असा माणूस मागे लागला की त्याला घर दाखवायचं नाही. माणसांत जायचं, काचा वर, दारं बंद, हात हॉर्नवर. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ते हे घोकून घेत.

ती एका पेट्रोल पंपात शिरली. नेमकं तिथे बाहेर कुणी नव्हतं. मुलाने गाडी तिच्यापुढे आडवी लावली आणि सीटखालचा लोखंडी पाना उपसला.

"अरे, ठेव तो!"

"नुसतं घाबरवतो हो," म्हणत तो खाली उतरला.

पहिल्याच घावात तिच्या काचेला तडा गेला. बाईने दोन्ही हातांत डोकं लपवलं. हॉर्नचं भानच तिला राहिलं नाही.

मास्तरांचा पाय पुन्हा खाली गेला. तिथे काही नव्हतं. मग ते मुलाच्या सीटकडे झुकले आणि त्यांनी हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

पंपाच्या खोलीतून माणसं धावत बाहेर आली. दोघं बाईच्या गाडीकडे गेले, बाकीचे मुलाच्या अंगावर. पाना टाकून मुलगा आपल्या गाडीकडे पळाला. किल्ली आतच होती.

मास्तरांनी कुलपाचं बटण दाबलं. चारही दारं खटकन लागली.

"बाबा, उघडा! मारतील हो मला!"

बाहेरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हेही ते शिकवत. मास्तर समोर बघत राहिले. काचेवर तळहात आपटत होता.

"बाबा! अहो, मी आहे!"

ते मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.