चांगुणाआत्याच्या पापण्या

सकाळी सव्वानऊला वेदिकाला पायलचा फोन आला.

"वेदे, माझे डोळे आलेत गं. दोन्ही. उघडतसुद्धा नाहीयेत."

वेदिका ब्युटी पार्लरचा कोर्स करत होती आणि साडेदहाला तिची शेवटची परीक्षा होती, डोळ्यांच्या मेकअपची. मॉडेल ज्याची त्याने आणायची. पायल तिची मैत्रीण. तिच्या पापण्या लांब आणि आपोआप वर वळलेल्या. दोन महिने वेदिकाने त्यांच्यावरच सराव केला होता. आता त्या पापण्या चिपडाने चिकटून घरी बसल्या होत्या.

वेदिका मूळची सायखेड्याची. कोर्ससाठी ती नाशिकला आत्याकडे राहत होती. आत्या, चांगुणाबाई, वय अठ्ठेचाळीस, एसटीत कंडक्टर, नाशिक-त्र्यंबक गाडीवर. या घटकेला ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भाकरी खात होती.

वेदिका दारात येऊन थांबली. "आत्या, जरा माझ्याकडे बघ."

"बघितलं. काय?"

"आता खाली बघ. परत वर. तुला पापण्या आहेत ना गं?"

"देवानं म्हशीलाबी दिल्यात, मला का नसतील?"

होत्या. पण आखूड, विरळ आणि अगदी सरळ, छपराच्या वळचणीसारख्या खाली उतरलेल्या. वेदिकाने सगळं सांगितलं. आत्याने शेवटचा घास गिळला.

"दोन चाळीसला गाडी हाय माझी."

"त्याआधी सोडते तुला."

"दुखतं का?"

"नाही गं."

"मग चल. पण खाकी घालूनच येते, परत घरी यायला येळ नाय."

स्कूटीवर बसल्यावर वेदिकाच्या लक्षात आलं की पिशवीतला मस्कारा पायलसाठी घेतलेला आहे, जाड ब्रशचा आणि दाट. आत्याच्या आखूड पापण्यांना तो लावला तर त्यांच्या गाठी होतील आणि निम्मा रंग पापणीच्या कातडीवर बसेल. तिने गाडी मेन रोडकडे वळवली. तिथला कॉस्मेटिक्सचा दुकानदार नुकतंच शटर वर करत होता.

आत्याने काउंटरवरची सगळ्यात जाड, सोनेरी नळी उचलली. "ही घे. दणकट दिसती."

"दणकट नको आत्या. तुझ्या पापण्यांना बारीक ब्रशचा हवा, मुळापर्यंत पोचणारा. आणि वॉटरप्रूफ. साधा ओला असतो, त्याच्या वजनाने सरळ पापण्या परत खाली येतात. वॉटरप्रूफ वळवलेल्या धरून ठेवतो."

"म्हंजे केस बसवायला मारत्यात तसा स्प्रेच की." आत्या दुकानदाराकडे वळली. "रडलं तरी उतरत नाय ना?"

"ताई, धो धो रडा."

"मी कशाला रडू?" आत्या म्हणाली, आणि तिथूनच तिला हसू सुटलं. ते पुढे दीड तास काही थांबलं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये आठ आरसे, आठ खुर्च्या. सात खुर्च्यांवर मॉडेल म्हणून विशी-बाविशीच्या मुली आणि आठवीवर खाकीतल्या चांगुणाबाई, छातीवर बिल्ला. परीक्षक कुलथे मॅडम वही घेऊन फिरत होत्या. त्या बिल्ल्याशी थांबल्या, चष्म्यावरून पाहिलं आणि पुढे गेल्या. आत्याचे खांदे हलू लागले.

"आत्या, प्लीज," वेदिका कुजबुजली.

"मी काय केलं? त्यांनीच पाहिलं."

वेदिकाने पापण्या वळवायचा चिमटा काढला. आत्या मागे सरकली. "अगं, हा तर आमचा जुना तिकिटाचा पंच! भोक पाडशील!"

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी फिसकन हसली. वेदिकाने ओठ घट्ट दाबून चिमटा मुळाशी लावला, हलकेच दाबला, पाच मोजले आणि सोडला. पापण्या वर उभ्या राहिल्या. मग तिने नळीतून ब्रश एकदाच सरळ बाहेर काढला, जास्तीचा रंग कागदाला पुसला आणि आत्याला खाली बघायला सांगितलं. मुळाशी ब्रश किंचित डावी-उजवीकडे हलवत ती टोकाकडे नेऊ लागली.

"गुदगुल्या होत्यात," आत्या दातांतून म्हणाली.

"मॉडेलने हसायचं नाही," मागून कुलथे मॅडमचा आवाज आला.

हे ऐकल्यावर तर आत्या फुटलीच. ब्रश घसरला आणि नाकावर ठसठशीत काळा ठिपका उमटला. आत्याला आरशात तो दिसला. वेदिकालाही दिसला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि वेदिकाचा संयमच सुटला. ती खुर्चीची पाठ धरून हसत सुटली. पलीकडे परीक्षा देणाऱ्या तीन मुलीही हसू लागल्या. एकीच्या मॉडेलची आयलायनरची रेघ थेट कानाकडे निघाली.

"शांतता!" मॅडम म्हणाल्या. "आता तो ठिपका काय करणार?"

वेदिकाने डोळे पुसले. "वाळू देणार, मॅडम. ओला पुसला तर फासतो. वाळला की कापूस लावलेल्या काडीने निघतो."

"हं. आणि इतका बारीक ब्रश का?"

"पापण्या आखूड आणि विरळ आहेत. दोन पातळ हात देणार. जाड दिला असता तर गाठी होऊन कोळीकिड्याचे पाय दिसले असते."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक. दुसरा डोळा मॉडेल स्वतः करतील. गिऱ्हाइकाला शिकवता येतं का, ते पाहायचंय मला."

हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याने मात्र ब्रश असा हातात घेतला, जणू रोजचंच काम.

"कोपर टेबलावर टेकव," वेदिका म्हणाली. "हनुवटी वर, नजर खाली. मुळापासून. सावकाश."

आत्याने ब्रश डोळ्याशी नेला आणि तिचं तोंड आपोआप उघडलं, मोठ्ठं, दाढा दिसेपर्यंत. हात जरासुद्धा हलत नव्हता. चालत्या गाडीत उभ्या उभ्या तिकिटं फाडलेला तो हात. वेदिका श्वास रोखून बघत होती. तिचंही तोंड उघडलं. शेजारच्या मुलीचं उघडलं. बाकीच्या मुली काम सोडून बघायला आल्या, त्यांचीही उघडली. आत्याने ब्रश खाली ठेवून आरशात पाहिलं तर मागे तोंडांची रांगच उभी होती, आणि तिच्या टोकाला कुलथे मॅडम, चांगल्या आ वासून.

"मॅडम," आत्या म्हणाली, "माशी जाईल."

मॅडमनी खटकन तोंड मिटलं. मग त्यांनी वही चेहऱ्यासमोर धरली. वही थरथरत होती.

अडीचला वेदिकाने आत्याला स्टँडवर सोडलं. ड्रायव्हर निवृत्ती गाडीला टेकून चहा पीत होता. तो बघतच राहिला.

"काय वो बाई, झोप चांगली झाली का काय? डोळे मोठे दिसत्यात."

"पहिल्यापासून मोठेच हायती. तुम्ही रस्त्याकडं बघा," आत्या म्हणाली आणि घंटीची दोरी नसतानाही हवेत ओढून दाखवली.

सहाच्या सुमाराला कोर्सच्या ग्रुपवर निकाल आला. पन्नासपैकी त्रेचाळीस! वेदिका एकटीच घरभर नाचली आणि तिने आत्याला फोन लावला. गाडी त्र्यंबकला उभी होती. पलीकडे बायकांचा नुसता कलकलाट.

"पास झाले, आत्या!"

"मग! थांब, आता फोन ठेव. हितं चौघीजणी विचारत्यात, पापण्या खऱ्या हायेत का म्हणून. एकीनं तर ओढून बघितली. आणि ऐक, रविवारी कुठं जाऊ नको. डेपोतल्या लंकाबाई अन् मालनबाई येणार हायेत. लंकाबाईच्या पापण्या लांब हायेत, पण भुरक्या."

"अगं, पण मी अजून..."

"मी सांगितलंय, आमची पोरगी आधी पापण्या बघती, मग नळी निवडती. आता तूच बघ." तेवढ्यात आत्याचा आवाज दूर गेला. "ओ आजी, एकेकीनं बघा, सगळ्यांना दाखवते! चढा आत आधी!"