खालचे काप

त्या काळी मोठ्या दवाखान्यात किडनीचे नमुने कापायला दोन सख्ख्या जावा होत्या. बावीस वर्षं ते काम थोरलीचंच. सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे. धाकटीला तिनेच तिथे चिकटवून दिलं आणि पुढे पस्तावली. काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई धाकटीची काच उजेडात धरून म्हणाल्या, काय नाजूक हात आहे हिचा. त्या दिवसापासून थोरलीला घास गोड लागेना. घरी सासूबाईंची लाडकी धाकटीच, आता इथेही तीच.

मग बाईंनी पाच वर्षांच्या अहवालांची मोजणी काढली, कुठल्या तऱ्हेचा बिघाड किती रोग्यांत. निघालं ते नवलच. किडनीतल्या मोजक्या गाळण्यांवर वण पडायचा आजार वर्षभरात निम्म्यावर आला होता. अंगावर सूज, पण गाळण्या निर्दोष, असे रोगी वाढले होते. आजारच बदलतोय, असं बाई म्हणू लागल्या.

थोरली चपापली. आजार नव्हता बदलला, हात बदलला होता; वर्षभर बहुतेक ठोकळे धाकटीच कापत होती. वण थोड्याच गाळण्यांवर असतो, वरच्या कापांत सापडेलच असं नाही. म्हणून ती ठोकळा खालपर्यंत कापत न्यायची. धाकटी वरच थांबायची. कारण तेवढंच तिला शिकवलं होतं. मुद्दामच.

आता नुसतं बोट दाखवलं की धाकटीची फजिती. दोन दिवस थोरलीने ती गोडी जिभेवर घोळवली. तिसऱ्या दिवशी दाराशी एक रोगी बाई नवऱ्यापाशी कुरकुरत होती, की चार महिने गोळ्या गिळतेय, तरी चपलेत पाय जात नाही. तिच्या कागदावर धाकटीने कापलेल्या ठोकळ्याचा क्रमांक होता.

थोरलीने तो ठोकळा शोधून खाली खाली कापला. सातव्या काचेवर वण होता. काच घेऊन ती बाईंकडे गेली. धाकटी तिथेच उभी होती.

"हिची चूक नाही, बाई. खालपर्यंत कापायचं मी हिला शिकवलंच नाही."

"का?"

"माझ्यापेक्षा बरं कापते म्हणून."

बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून वण पाहिला. मग त्या रोगी बाईला परत बोलावणं धाडलं, आणि वर्षभराचे सगळे ठोकळे दोघींनी शेजारी बसून पुन्हा कापायचे, असं फर्मावलं.

चार दिवस धाकटीने अबोला धरला. पाचव्या दिवशी यंत्रावरची मान वर न करता म्हणाली, "जाऊबाई, अजून काय काय राखून ठेवलंय? घरातलंही एकदाच सांगून टाका."

थोरलीला हसू आलं. तेवढ्यात धाकटीचा खालचा काप, काप पसरायला ठेवलेल्या कोमट पाण्यावर तरंगला, थोरलीच्या कापाहून पातळ, एकही सुरकुती नाही. पोटात पुन्हा जळलंच. तिने पुढचा ठोकळा उचलला आणि धाकटीकडे सरकवला.