पिंपांचा मालक

"मामा, आधी त्या पिंपावरून उठा बघू," भाची म्हणाली. ती वकील होती, आणि नोटीस वाचताना तिच्या कपाळावर एकेक आठी चढत गेलेली मामांनी पाहिली होती. ते निमूटपणे उठले.

सगळा गाव त्यांना बंबमामा म्हणायचा. आग विझवायची लाल नळकांडी विकायची, भरून द्यायची, शाळांतून ती चालवून दाखवायची, यातच त्यांचं आयुष्य गेलं. त्यातही फेसावर त्यांचा विशेष जीव. पेटलेल्या तेलावर फेसाची पांढरी गादी पसरली की आग जागच्या जागी गुदमरायची आणि पोरं टाळ्या पिटायची. एका कारखान्याने जुना फेस काढून टाकला, तेव्हा ती निळी पिंपं मामांनी हौसेने आपल्या गोदामात आणून ठेवली. चांगला माल वाया कशाला घालवायचा?

आता तोच माल अंगाशी आला होता. शेजारच्या गावात अशाच फेसाने विहिरी नासल्या, खटला उभा राहिला, आणि जुना फेस बाळगणाऱ्या प्रत्येकाला सरकारी नोटीस आली.

"पण बनवला कंपनीने, वापरला कारखान्याने. मी नुसता ठेवलाय," मामा म्हणाले.

"कंपनी बुडाली. कारखान्याने पिंपं तुमच्या नावावर करून हात झटकले. आता नीट नष्ट होईपर्यंत त्यातून जे सांडेल, झिरपेल, त्याला जबाबदार तुम्ही."

"मग जाळून टाकू."

"साध्या आगीत जळत नाही तो."

मामांचे डोळे एकदम चमकले. "अगं, बरोबरच आहे! जो आगीलाच पुरून उरतो, तो आगीत कसा जाईल?"

"मामा, कौतुक कसलं करताय?"

"कौतुक नाही गं. पण मग तो जिरतो कुठे? मातीत?"

"कुठेच जिरत नाही, तीच तर भानगड आहे. विहिरीत उतरतो, माणसाच्या रक्तात उतरतो आणि तिथंच ठाण मांडतो. त्याच्यासाठी खास भट्टी लागते. ती लांब आहे आणि तिथे मोठी रांग आहे."

"आणि आपलं जायचं?" दारातून मामींनी विचारलं. गोदाम आणि वरच्या खोल्या विकून दोघं मुलीकडे राहायला निघाले होते. खोकी बांधून झाली होती. घेणाऱ्याला गोदाम मात्र रिकामं हवं होतं.

भाचीने नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

उत्तर घेऊन आला तो एक टेम्पोवाला. कुठून तरी त्याला सुगावा लागला होता. "पिंपं मी भट्टीवर पोचवतो. शिक्क्यासकट पावती देतो. तुम्ही मोकळे."

"जाऊ दे एकदाची ब्याद," मामी म्हणाल्या.

पिंपं टेम्पोत चढत असताना मामांनी सहज विचारलं, "कशी असते हो ती भट्टी? आत घालतात कसं?"

"असते की. भट्टीसारखी."

या उत्तराने मामांचं समाधान होईना. टेम्पो निघाला तशी त्यांनी स्कूटर बाहेर काढली. "जरा भट्टी बघून येतो."

"तुमच्या चौकशा काही संपायच्या नाहीत!" मामी म्हणाल्या, पण हसून.

टेम्पो गावाबाहेर पडला, मोठा रस्ता सोडून आडवाटेला लागला आणि एका ओढ्याच्या पुलावर थांबला. मामा पोचले तेव्हा पहिल्या पिंपाचं झाकण उघडलेलं होतं आणि पिंप कलत होतं.

"अहो, थांबा! थांबा!"

टेम्पोवाला चपापला, पण क्षणभरच. "काका, पावती मिळाली ना तुम्हाला? मग आता तुमचा काय संबंध?"

मामा थबकले. खरं तर असं मोकळं होणंच त्यांना हवं होतं. खाली ओढ्याकाठी एक माळी पाण्यात पंप सोडून भाजीला पाणी देत होता. वर काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

"ही भाजी कुठं जाते विकायला?" मामांनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही," मामा म्हणाले. "झाकण लावा. पिंपं परत न्यायची आहेत."

थोडा फेस सांडला होताच. पुलाखालच्या मातीत तो मुरला आणि एक धार पाण्यालाही लागली. पाणी फेसाळत वळणाआड गेलं. मामा ते दिसेनासं होईतो बघत राहिले, मग त्यांनी भाचीला फोन लावला.

"सांडलाय गं थोडा. कुणाला कळवायचं?"

"मामा, कळवलंत तर तुमच्यावर येईल."

"माझ्यावरच आहे की. तूच नाही का म्हणालीस?"

मग तिने नंबर सांगितला.

अधिकारी येईपर्यंत मामा काठ उतरून माळ्याकडे गेले. "तपासणी होईतो हे पाणी घेऊ नका," ते म्हणाले. "वाईट औषध मिसळलंय त्यात."

"तुम्ही कोण?"

"मालक," मामा म्हणाले. "त्या औषधाचा."

माळ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, तोंडाला आली तशी शिवी हासडली आणि पंप बंद केला.

अधिकाऱ्यांनी पाण्याचे नमुने घेतले, भिजलेली माती खरवडून एका रिकाम्या पिंपात भरली आणि तेही मामांच्याच हवाली केलं. गेली होती त्यापेक्षा एक पिंप जास्तीच घरी आलं. पुढे यावरून झालेल्या खटल्यात टेम्पोवाल्याचा परवाना गेला. मामांनी आपणहून कळवलं होतं, म्हणून त्यांना दंड कमी झाला, पण सुटका झाली नाही. भट्टीचा नंबर लागेपर्यंत पिंपं त्यांच्याच ताब्यात, पक्क्या ओट्यावर, छपराखाली राहणार होती, आणि कुठलं पाझरत नाही ना, हे त्यांनीच बघायचं होतं.

गोदामाचा सौदा मोडला. मुलीला मामींनीच फोन केला. "लांबलंय जरा," एवढंच म्हणाल्या आणि नातीला फोनवर बोलावून तिच्याशी कितीतरी वेळ बोलत बसल्या.

मग त्यांनी एक खोकं सोडलं, घडी घालून ठेवलेले पडदे काढले आणि खिडकीशी स्टूल ओढलं. मामांनी धावत येऊन स्टूल धरलं.

"रागावलीस?"

"धरा नीट," मामी म्हणाल्या. पडदा अडकवून झाल्यावर त्यांनी तो एकदा ओढून पाहिला, सरकतोय का. सरकत होता.